भट्टीतली चुनखडी आणि प्लेटमधलं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ज्वालामुखीवरचा लेख वाचला. समुद्रतळाची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा मोठा तुकडा, दुसऱ्या प्लेटखाली जाऊन वितळते, तोच रस वर येतो आणि आपल्याकडचा काळा दगडही असाच झाला, असं त्यात आहे. दोन्ही गोष्टी खटकल्या.

मी उद्यमबागेत तीस वर्षं फाउंड्रीत काढली. बीड वितळवायच्या क्युपोला भट्टीत कोक आणि भंगार बीड भरताना चुनखडीचे खडे टाकावेच लागत. एकदा पोराने ते कमी टाकले, तर राख आणि वाळूचा चिकट गोळा भट्टीत अडकून बसला. सगळी पाळी सळ्यांनी टोचण्यात गेली. चुनखडी पुरेशी असली की त्याच आचेवर ही राख-वाळूची मळी काकवीसारखी वाहते.

जमिनीच्या पोटात चुनखडीचं हे काम पाणी करतं. खाली सरकणारी प्लेट तशी थंडच असते, सहसा वितळत नाही. पण समुद्राखाली तिच्या खनिजांत मुरलेलं पाणी सुमारे शंभर किलोमीटर खोलीपर्यंत जाताना सुटतं आणि वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, शिरतं. तिथला कोरडा खडक वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. ओला झाला की तो कित्येकशे अंश आधीच पाझरू लागतो. अँडीज पर्वतावरून नाव पडलेला अँडेसाइट हा खडक अशाच ज्वालामुखींचा. ते स्फोट करून फुटतात तेही या पाण्याच्या वाफेमुळेच.

प्लेट स्वतः वितळतच नाही असं नाही. ती कोवळी, साधारण अडीच कोटी वर्षांच्या आतली आणि म्हणून अजून गरम असेल तर वितळते. त्या खडकाला अडाकाइट म्हणतात, अलास्काच्या अडाक बेटावरून. हे नाव १९९० सालचं.

आपला काळा दगड यातला नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी खोलातून वर चढलेलं तप्त प्रावरण दाब उतरल्यामुळे वितळलं आणि भेगांतून थरावर थर पसरले. गोकाकचा धबधबा ज्यावरून कोसळतो तो तर लाव्हाच नाही, त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म आहे. प्लेट खाली जाण्याचा प्रकार देशातच पाहायचा तर अंदमानचं बॅरन बेट आहे. दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून ते १९९१ मध्ये पुन्हा जागं झालं.

नातवाने तुमचं कात्रण शाळेच्या प्रकल्पवहीत चिकटवलंय. शेजारचं पान मी कोरं ठेवायला सांगितलंय. दुरुस्ती लवकर छापावी, वही सोमवारी द्यायची आहे.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव