तुझ्या गोष्टीतल्या साम्राज्याबद्दल

सोन्या,

तू पाठवलेले तिन्ही चॅप्टर काल रात्री वाचून काढले, मोबाईलवरच. नकाशा फार आवडला. पण एक गोष्ट खटकतेय ती सांगतेच, तुझा सम्राट गाव जिंकतो, देवळं जाळतो आणि पुढच्या पानावर सगळं गाव त्याच्या अग्निदेवापुढे हात जोडून उभं. असं होत नाही रे. आणि गावोगावी पहारा बसवायला एवढं सैन्य तरी कुठून आणणार तो?

पेरूच्या इंकांचं वाच. 1438 च्या सुमारास पाचाकुती गादीवर आला आणि पुढच्या शंभरेक वर्षांत इक्वेडोरपासून चिलीपर्यंत राज्य पसरलं, तेही घोडे नाहीत, गाड्या नाहीत, हिशोब सगळा दोऱ्यांच्या गाठींवर. हरलेल्यांना ते म्हणायचे, सूर्याला पहिला मान द्या, मग तुमचा देव खुशाल पुजा, फक्त तुमची मुख्य मूर्ती आमच्या राजधानीत, कुस्कोत राहील. म्हणजे देवच ओलीस! त्या मुलखात बंड झालं की ती मूर्ती चौकात आणून चाबकाने फोडून काढायचे, स्पॅनिश लोकांनी लिहून ठेवलंय हे. आपल्या ग्रामदेवतेला कुठल्यातरी परक्या शहरात भर चौकात मारतायत हे नुसतं कानावर आलं तरी गावातल्या बायाबापड्यांचं काय होत असेल, तू तो सीन लिहीच.

सरदारांची पोरंही कुस्कोला न्यायचे, इंकांची केचुआ भाषा शिकवायला, आपले रीतिरिवाज लावायला, लाड व्हायचे त्यांचे पण घरी जायची सोय नाही. असं पोर मोठं होऊन बापाच्या जागी बसलं की त्याच्या तोंडी भाषा कुणाची? मला सगळ्यात जास्त हेच लागतं. बंडखोर गावं तर उचलून लांब कुठेतरी वसवायचे आणि तिथे आपली माणसं आणून ठेवायचे. डोक्याला जे बांधायचं ते मात्र आपापल्या जमातीचंच, बदललं तर शिक्षा, म्हणजे कोण कुठला ते दुरून कळावं. आणि डोंगरउतारावर कोठारांच्या रांगाच्या रांगा, मका आणि सुकवलेले बटाटे भरलेल्या. ज्याने देव नेला तोच पोटाला घालतोय, हा गुंता तुझ्या गोष्टीत हवा.

तरी 1532 ला स्पेनचा पिझारो इंकांवर दीडशे-पावणेदोनशे माणसं घेऊन चालून आला तेव्हा कान्यारी, वांका असे इंकांनी जिंकलेले कितीतरी लोक त्याला जाऊन मिळाले. मनातलं गेलं नव्हतंच.

लांब कशाला, गोव्यातला आपला मंगेश बघ. देव मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आताचं कुठ्ठाळी. पोर्तुगीज देवळं पाडत सुटले होते, तेव्हा 1560 च्या सुमारास लोकांनी देव जुवारी नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे नेला, तिथे आदिलशाही होती म्हणून वाचला. मंगेशीला गेले की मला दर वेळी ती नदीच डोळ्यासमोर येते, अंधारात होडी, कुणी बोलत नाही, आणि मागे राहिलेली माणसं.

तुझ्या दुसऱ्या चॅप्टरमधली ती कुंभाराची मुलगी आहे ना, दोन ओळींत मारून टाकलीस तिला, तिला जगव. देव तिच्या मांडीवर दे आणि होडीत बसव. पुढचं पान लिहून झालं की आधी मला पाठव, कितीही रात्र झाली तरी.

तुझी आई