टॉवेलात गुंडाळलेली सिरिंज

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

पोटॅशियमचं चॅनेल, म्हणजे पेशीच्या पटलातून पोटॅशियमला वाट देणारं प्रथिन, गप्प बसलं की सगळे प्रथिनालाच दोष देतात. आमचं केसीएसए (जिवाणूतलं असंच एक चॅनेल) गप्प होतं तेव्हा "क्लोन बदला", "शुद्धीकरण कच्चं आहे" असे सल्ले फोनवर फुकटात मिळाले. लिपिड, म्हणजे ज्या स्निग्ध रेणूंच्या पटलात चॅनेल बसवतात ते, विकणाऱ्यांनी तर मेलला उत्तरही दिलं नाही. "लिपिड कुठलं घातलंय?" हे विचारलंत फक्त तुम्ही.

आमचं उत्तर होतं, निव्वळ पीओपीसी नावाचं एकच लिपिड! ते ऐकूनही तुम्ही रागावला नाहीत. केसीएसएच्या दोन उपघटकांमधल्या खाचेत ऋणभारित लिपिड बसतं, 64 आणि 89 क्रमांकाची आर्जिनिनं त्याला धरतात. पीओपीसीच्या डोक्यावर निव्वळ भार शून्य, मग आर्जिनिनांनी धरायचं काय? त्यात शुद्धीकरणाच्या डिटर्जंटने मूळची लिपिडं बरीचशी धुतली गेलेली. म्हणून तुम्ही सांगितलंत, पीओपीई आणि ऋणभारित पीओपीजी ही दोन लिपिडं वजनाने 3:1, म्हणजे 10 मिलिग्रॅममध्ये साडेसात आणि अडीच. शिवाय पेशीच्या आतल्या बाजूला पीएच 4, म्हणजे आम्ल, हवा, नाहीतर लिपिड योग्य असूनही चॅनेलचं दार बंदच.

हे वाचून कळलंही असतं कदाचित. पण दुसऱ्या दिवशी भर उन्हात तुम्ही स्कूटरवरून आलात आणि सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेली काचेची सिरिंज टेबलावर ठेवलीत, ते कुठे वाचायला मिळणार? आम्ही लिपिड विरघळवलेला क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकच्या टिपने ओढत होतो. त्यात प्लॅस्टिकातली रसायनं विरघळून लिपिडात उतरतात आणि टिप गळते म्हणून मापही चुकतं. तुम्ही काही बोलला नाहीत. टॉवेल उलगडलात, दट्ट्या एकदा वरखाली करून दाखवलात, बस्स.

लिपिडची कुपी फ्रीजरमधून काढल्यावर लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरचा दमटपणा आत जाऊन बसतो, हेही तुमचंच. क्लोरोफॉर्म उडवताना नायट्रोजनचा झोत मंद ठेवायचा, नळी फिरवत राहायची म्हणजे लिपिडचा थर काचेवर पातळ बसतो. मग निर्वातात किमान दोन तास, जमलं तर रात्रभर. क्लोरोफॉर्मचा वास गेला म्हणजे क्लोरोफॉर्म गेला असं नाही.

एसीचा किस्सा तर आता इथे सगळ्यांना पाठ आहे. पीओपीई थंडीत जेलसारखं घट्ट असतं, ते साधारण 25 अंशांला सैल होतं आणि आमची खोली होती 18 वर! बफर घालूनही थर काचेला चिकटून बसायचा. "बाहेर व्हरांड्यात न्या की, मे महिना कशाला आहे?" असं म्हणालात आणि तिथे तो दहा मिनिटांत सुटला. सोलापूरच्या उन्हाचा असा उपयोग पहिल्यांदाच पाहिला.

मोठ्या पदावरच्यांना एक साधा प्रश्न विचारायला सवड नव्हती. निवृत्त झालेल्या माणसाने मात्र घरचं कपाट उघडलं, आणि ना पावती मागितली ना आभार.

सिरिंज प्रत्येक वेळी क्लोरोफॉर्मने दहादा धुऊन ठेवतो. टॉवेल परत द्यायचा राहिलाय. तो मागायला तरी या, चहा घेऊ.

आपले,
प्रयोगशाळेतले सगळे