आदर्श कर्मचारी पाळीने निवडू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पदवी महाविद्यालयांत ५ सप्टेंबरला किंवा स्नेहसंमेलनात 'आदर्श शिक्षक' किंवा 'आदर्श कर्मचारी' म्हणून सत्कार होतात. शाल, श्रीफळ, फेटा, काचेचे स्मृतिचिन्ह, फोटो. सत्काराला आमचा विरोध नाही. मात्र निवड कशी झाली असे विचारले की उत्तर ठरलेले असते: मागच्या वर्षी सायन्सला दिला, यंदा कॉमर्सची पाळी. नाहीतर, 'पुढच्या मे महिन्यात रिटायर होताहेत, एकदा होऊन जाऊ दे.' निवृत्तांचा सन्मान निरोप समारंभात करावा. तो पुरस्काराच्या खात्यावर टाकला की ऐन उमेदीत राबणारा माणूस मागे राहतो, आणि आपली पाळी कधी हे बोटांवर मोजता येते म्हणून कोणी जास्त झटतही नाही.

पहिली चूक सर्वांना मिळून एकच पुरस्कार ठेवण्याची. असा पुरस्कार बहुधा प्राध्यापकाकडेच जातो, कारण स्टेजवर, अहवालात आणि वर्तमानपत्रात त्याचे नाव आधीच आलेले असते. राधाकृष्णन यांच्या जन्मदिनी शिक्षकांची आठवण होते, १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्यामुळे ग्रंथपालांची. स्कॉलरशिपच्या खिडकीवरचा क्लार्क, लॅब अटेंडर, वॉचमन, झाडलोट करणाऱ्या बायका यांच्या वाट्याला असा एकही दिवस नाही. म्हणून गट चार हवेत: अध्यापन, कार्यालय, प्रयोगशाळा व ग्रंथालय, आणि शिपाई-सफाई-पहारा.

या गटांतले काम दिसत नाही म्हणजे काय, ते लॅबमध्ये पाहा. सकाळी नऊच्या प्रॅक्टिकल परीक्षेसाठी अटेंडर पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण काही दिवस आधी करून ठेवतो, कारण ताजे द्रावण सुरुवातीला थोडे बदलत राहते. ०.१ नॉर्मल तीव्रतेच्या द्रावणाला लिटरमागे ३.१६ ग्रॅम. वजनात गफलत झाली तर सगळ्या बॅचचे रीडिंग एकाच दिशेने चुकते आणि दोष पोरांच्या हाताला लागतो. ब्युरेटचा (द्रावण मोजून सोडायच्या काचनळीचा) नळ एक थेंब गळला तरी साधारण ०.०५ मिलिलिटरचा फरक पडतो, म्हणून वीस ब्युरेट आदल्या संध्याकाळी पाणी भरून तपासाव्या लागतात. हे नीट केले की काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल हार कोण घालणार?

कार्यालयातही तेच. कर्नाटक सरकारच्या एसएसपी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे आरडी नंबर (दाखल्यावर छापलेले क्रमांक) लागतात, खाते आधारला जोडलेले लागते. दहावीच्या मार्क्स कार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, असे आपल्याकडे घरोघरी आहे. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत गेले की एखादे अक्षर वाढते नाहीतर गळते. चंदगडकडून येणाऱ्या मुलांच्या महाराष्ट्रातल्या दाखल्यांवर आरडी नंबरच नसतो, त्यांची वाट वेगळी. चांगला क्लार्क अॅडमिशनच्या दिवशीच मार्क्स कार्ड, आधार आणि दाखला असे तिन्ही कागद शेजारी ठेवून बघतो. वाईट क्लार्क शेवटच्या तारखेला 'सर्व्हर डाऊन' म्हणतो. जुने विद्यार्थी डुप्लिकेट मार्क्स कार्डासाठी येतात तेव्हाही हेच. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झाले, त्याआधी पास झालेल्यांचे काम धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात. हे पहिल्याच खेपेला सांगणारा माणूस समोरच्याचा एक दिवस आणि बसभाडे वाचवतो.

आता निवड. स्नेहसंमेलनाच्या आठ आठवडे आधी एक पानी अर्ज काढावा, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषांत. त्यात चारच गोष्टी विचाराव्यात: कोणाची शिफारस, नेमके कोणते काम, कोणत्या काळात, आणि ते कुठे तपासता येईल. इथे 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ' असे लिहिलेला अर्ज परत करावा. जावक रजिस्टर, स्टॉक बुक, ग्रंथालयाची देवघेव नोंद, परीक्षा विभागाची फाइल यांपैकी एखादे पान दाखवता आले पाहिजे. शिफारस सहकारी, विद्यार्थी, माजी विद्यार्थी कोणीही करावी. स्वतःचे नाव स्वतः द्यायलाही मुभा हवी. त्यावर नाके मुरडली जातील, पण एकट्याने स्टोअररूम सांभाळणाऱ्याची शिफारस करायला दुसरे असते कोण? ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज दुसऱ्याने भरून द्यावा.

तीन आठवडे अर्ज, दोन आठवडे पडताळणी, एक आठवडा निर्णय. उरलेले दोन मानपत्र आणि छपाईला. समिती पाच जणांची पुरे: दुसऱ्या महाविद्यालयातला निवृत्त प्राध्यापक अध्यक्ष, एक माजी विद्यार्थी, आयक्यूएसीचा (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा) समन्वयक, कार्यालयातला स्पर्धेत नसलेला एक कर्मचारी, अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी. प्राचार्य समितीत नसावेत. ते बसले की कार्यालयातली माणसे तोंड उघडत नाहीत. ज्याचा नातेवाईक स्पर्धेत आहे त्या सदस्याने त्या गटापुरते बाहेर बसावे. आपल्या संस्थांत नाती फार लांब शोधावी लागत नाहीत.

गुण शंभर धरले तर रोजच्या कामाच्या चोखपणाला ४०, नेमून दिलेल्यापलीकडच्या कामाला ३०, विद्यार्थ्यांना झालेल्या उपयोगाला २०, आणि आपले काम दुसऱ्याला शिकवून ठेवण्याला १०. शेवटचे दहा कमी वाटतील, पण एक माणूस रजेवर गेला की ऑफिस ठप्प होते ते यामुळेच. कपाटाची किल्ली आणि पासवर्ड स्वतःपाशी ठेवणारा 'त्याच्याशिवाय पान हलत नाही' म्हणून कौतुकाला पात्र ठरतो, हा उलटा न्याय आहे.

बायोमेट्रिक हजेरीला वेगळे गुण देऊ नयेत. विद्यापीठाच्या कामाला बाहेर गेलेला, बाळंतपणाच्या रजेवर असलेली, परीक्षेसाठी दुसऱ्या केंद्रावर पाठवलेला, अशांनाच त्याचा फटका बसतो.

सर्वांत मोठा घोळ विद्यार्थ्यांच्या मतदानात होतो. सक्तीच्या विषयाच्या वर्गात १२० मुले, ऐच्छिक मराठीच्या वर्गात १२. मते मोजली तर मराठीचे सर कधीच निवडून यायचे नाहीत. म्हणून पाचपैकी गुणांची सरासरी काढतात, तीही फसवी. बारांपैकी अकरा जणांनी ५ दिले आणि रुसलेल्या एकाने १ दिला तर सरासरी ४.६७ होते, तोच एक रुसवा १२० च्या वर्गात आला तर ४.९७. शिक्षक तितकाच चांगला, पण पटसंख्येने मार खातो. त्याऐवजी सगळे गुण चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्यावा. या उदाहरणात तो दोन्हीकडे ५ येतो. निकालाची टक्केवारीही दुसऱ्या विषयाशी ताडू नये, त्याच विषयाच्या मागच्या तीन वर्षांशी ताडावी.

'किमान पाच वर्षे सेवा' ही अट काढून टाका. गेस्ट लेक्चरर वर्षावर्षाने नेमले जातात, सफाईची माणसे एजन्सीच्या मस्टरवर असतात. या अटीने दोघेही दारातच अडतात. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण काम, एवढे पुरे. एकदा मिळाला की तीन वर्षे त्याच व्यक्तीला नको, आणि न मिळालेले चांगले अर्ज पुढच्या वर्षी आपोआप विचारात घ्यावेत. एखाद्या गटात लायक कोणी नसेल तर त्या वर्षी देऊच नये.

शाल कपाटात जाते. रक्कम द्यावी, थोडी का असेना, आणि ती पाकिटात न देता खात्यावर. संस्थेच्या आदेशाची प्रत सेवापुस्तकात लावावी; कंत्राटी माणसाला लेटरहेडवर पत्र द्यावे, पुढच्या नोकरीला ते दाखवता येते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांच्या पद्धतीत सहाव्या निकषाखाली मूल्यमापन आणि कर्मचारी कल्याण विचारले जाते, तिथेही अर्ज, गुणतक्ते आणि समितीचे इतिवृत्त अशी फाइल तयार राहील. नुसत्या फोटोवर भागत नाही.

राहिले मानपत्र. विशेषणांचे दोन परिच्छेद नकोत. '२४० अर्ज तपासले, एकही नावाच्या चुकीमुळे परत आला नाही' अशी एक ओळ लिहावी. आकडा अर्थातच ज्याचा त्याचा, खरा. सत्कारमूर्तीला समजते त्या भाषेत ते वाचावे. आणि छापण्याआधी नाव सेवापुस्तकाशी ताडून, कच्ची प्रत त्यालाच दाखवून सही घ्यावी. बाकीच्यांची नावे वर्षभर दुरुस्त करणाऱ्याचे स्वतःचे नाव फ्रेममध्ये चुकलेले असते, आणि काच बसल्यावर ते दुरुस्त होत नाही.

आपले,
तिघे निवृत्त महाविद्यालयीन कर्मचारी,
बेळगाव