लेकीला वजन उचलू दे

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. लेकीला वेटलिफ्टिंगला घालावं का, हे तू मला विचारलंस, खूप बरं वाटलं. सासूबाईंचं वाक्य मात्र मनात रुतून बसलंय. "दंड पुरुषी झाले तर लग्न कसं जमेल?"

अगं, मी जिमला गेले तेव्हा ट्रेनरने काही न विचारता दोन किलोचे गुलाबी डंबेल हातात ठेवले. "मॅडम, तुम्ही टोनिंग करा." पलीकडे कॉलेजातला एक हडकुळा पोरगा बारखाली थरथरत होता आणि चौघे त्याला "मर्दासारखं उचल" म्हणून ओरडत होते. त्याला काय झेपतं नि मला काय झेपतं, कुणी विचारलंच नाही.

त्या रात्री आई आठवली. डोक्यावर हंडा, कडेवर कळशी, विहिरीच्या त्या निसरड्या पायऱ्या. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो. स्पर्धेत बायकांचा नुसता बारही तेवढाच असतो. तेव्हा तिला कुणी म्हटलं नाही, जड उचलू नकोस. पुढे नळ आला, हंडा सुटला, आणि सत्तरीत न्हाणीत घसरून खुबा मोडला. पाळी गेली की हाडं भराभर ठिसूळ होतात आणि वजन पेलत राहिलं तर ती टिकायला मदत होते, हे मला तिच्या खाटेशेजारी बसून कळलं. फार उशिरा कळलं गं.

सासूबाईंना कर्णम मल्लेश्वरीचं सांग. पुरुषांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून. बायकांना दार उघडलं थेट २००० साली, सिडनीत. तिथेच तिने एकूण २४० किलो उचलून कांस्य आणलं, भारतीय बाईचं पहिलं ऑलिंपिक पदक. तेव्हा तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती! आणि २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी तुमच्या सांगलीतच झाली, जिंकली सांगलीचीच प्रतीक्षा बागडी.

बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषापेक्षा फार कमी, दंड असे सहजासहजी फुगत नाहीत. पण हे उत्तर देताना मला अवघडल्यासारखं होतं. फुगले तरी दंड तिचेच आहेत ना?

फक्त शिकवणारा नीट पारखून घे. आधी रिकाम्या बारवर पद्धत घोटून घेणारा हवा, पहिल्याच आठवड्यात वजन चढवणारा नको. दिवाळीत मी येतेच आहे, तिघी मिळून जाऊन बघू. मुलींना कपडे बदलायला खोली आहे का, तेही तेव्हाच विचारू.

तुझी,
नली