संध्याकाळचे वकिली वर्ग

माझ्या नातीची लॉच्या प्रवेशासाठी धावपळ चालू आहे. तिला परवा बोस्टनची हकीकत सांगितली, ती इतर वाचकांनाही कळावी म्हणून हे पत्र.

बोस्टन ज्या अमेरिकी राज्यात आहे, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांना वकिलीची सनद १८८२ पासून मिळत होती, पण शिकायचे कुठे? शेजारच्या हार्वर्ड लॉ स्कूलने त्यांना दार उघडले ते थेट १९५०मध्ये! १९०८ साली दोन स्त्रियांनी आर्थर मॅक्लीन या वकिलाला गाठले आणि सनदेच्या परीक्षेसाठी शिकवण्याची गळ घातली. त्या शिकवणीतून पोर्शिया लॉ स्कूल उभे राहिले, फक्त स्त्रियांसाठी. वर्ग संध्याकाळी भरत, त्यामुळे दिवसा नोकरी करणारीलाही शिकता येई. एलएल.बी. पदवी देण्याचा अधिकार मात्र १९१९पर्यंत मिळाला नाही.

ब्लांश वुडसन ब्रॅक्स्टन इथेच १९२१मध्ये पदवीधर झाल्या आणि १९२३मध्ये त्या राज्यातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील ठरल्या. दुहेरी अडसर ओलांडणाऱ्या या बाईंचे नाव आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांत क्वचितच कानावर पडते, याची मला मनापासून खंत वाटते.

आपल्याकडेही नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यासाठी संध्याकाळच्या तुकड्या वाढवाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त वकील, नाशिक