निवड चाचणीत वगळलेल्या मुलाला कारण तरी कळू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की नागपुरात उन्हाळी शिबिरांचे आणि त्यापाठोपाठ निवड चाचण्यांचे दिवस येतात. बाहेरगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या बास्केटबॉल संघांसाठी क्लब आणि खासगी अकादम्या याच काळात मुले निवडतात. धरमपेठ, शिवाजीनगर या भागांतील मैदानांमुळे आपल्या शहरात या खेळाची जुनी परंपरा आहे आणि आजही पहाटे कोर्टवर मुलामुलींची गर्दी दिसते, ही समाधानाची बाब आहे. माझा मुलगा चार वर्षांपासून बास्केटबॉल खेळतो आणि सध्या 14 वर्षांखालील गटात आहे. गेल्या वर्षी एका क्लबच्या चाचणीत त्याची निवड झाली नाही. निवड करणे हा प्रशिक्षकांचा अधिकार आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु ही निवड ज्या रीतीने होते आणि वगळलेल्या मुलाला ज्या रीतीने वाऱ्यावर सोडले जाते, त्याबद्दल पालकांनी आता उघडपणे बोलायला हवे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चाचणी पहाटे साडेपाचला होती, कारण मे महिन्यात आपल्याकडे आठ वाजल्यानंतर सिमेंटच्या कोर्टवर मुलांना उभे करता येत नाही. सुमारे 80 मुले आली होती. प्रत्येकाच्या हातावर काळ्या मार्करने क्रमांक लिहिला गेला. माझ्या मुलाचा 47 होता. तीन ले-अप (धावत जाऊन बास्केटजवळून घेतलेले शॉट), कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणे आणि शेवटी पाच मिनिटांचा सामना एवढीच परीक्षा होती. त्या पाच मिनिटांत चेंडू त्याच्या हाती दोनदा आला. एकदा त्याने स्वतः शॉट न घेता बास्केटखाली मोकळ्या उभ्या असलेल्या मुलाला पास दिला आणि त्या मुलाने बास्केट केला. तो पास कुणी टिपून ठेवला असेल असे मला वाटत नाही, कारण इतक्या मुलांसाठी नोंदवही एकच होती आणि ती ज्यांच्या हाती होती ते सर त्या वेळी कठड्यापाशी काही पालकांशी बोलत होते. रात्री पावणेअकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 12 नावांच्या यादीचा फोटो आला. मुलाने ती यादी वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचली, फोन माझ्या हाती दिला आणि झोपायला गेला. हातावरचा आकडा त्याने घासून काढला नाही. दोन दिवस तो तसाच फिकट होत गेला.

तिसऱ्या दिवशी मी सरांना भेटले. त्यांचे उत्तर होते, "ताई, पोरगा चांगला खेळून राहिला, पण हाइट कमी पडते. पुढच्या वर्षी पाहू." त्यांचा सूर सौम्य होता आणि त्यांच्या मनात आकस नव्हता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. पण एवढ्या लहान मुलाने या उत्तराचे करायचे काय? ड्रिबल सुधार, डावा हात वापर, बचावात पाय हलव, असे काही सांगितले असते तर वर्षभर तो त्यावर घाम गाळू शकला असता. उंचीवर मेहनत करता येत नाही.

उंचीच्या या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. वयोगट ठरवताना 1 जानेवारी ही तारीख धरली जाते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात एकमेकांसमोर उभे राहतात. चाळिशीच्या दोन माणसांत अकरा महिन्यांचे अंतर काहीच नाही, पण मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढतात आणि त्या एका वर्षात कित्येकांची उंची आठ-नऊ सेंटिमीटरने वाढते. वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुले वयोगटाच्या संघांत अधिक संख्येने दिसतात, हे अनेक देशांतील क्रीडा संशोधनात वारंवार आढळले आहे. माझा मुलगा डिसेंबरचा आहे. आज उंच दिसणारा मुलगा उद्याही उंचच ठरेल आणि आज बुटका असलेला तसाच राहील, असे या वयात कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही यादी जणू कायमची असल्यासारखी केली जाते, कारण निवडलेल्या मुलांनाच पुढे प्रशिक्षण, सामने आणि अनुभव मिळतो आणि वर्षभराने तीच मुले अर्थातच सरस ठरतात.

वगळलेल्या मुलांची समजूत घालताना मायकेल जॉर्डनची गोष्ट हमखास सांगितली जाते. शाळेच्या संघातून त्याला काढले होते, तरी तो जगातला सर्वोत्तम खेळाडू झाला, असे मुलांना ऐकवतात. गोष्ट अर्धी खरी आहे. 1978 मध्ये अमेरिकेत विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये मुख्य संघातील जागा त्याच्याऐवजी त्याच्या एका उंच वर्गमित्राला मिळाली, हे खरे. पण जॉर्डनला कुणी घरी पाठवले नव्हते. तो त्याच शाळेच्या दुय्यम संघात घेतला गेला, तिथे त्याला प्रशिक्षक होता, वर्षभर सामने होते आणि त्या सामन्यांत तो भरपूर खेळला. आमच्या मुलांना ही गोष्ट सांगणाऱ्यांनी दुय्यम संघाचा भाग वगळू नये, कारण आपल्याकडे नेमका तोच नाही. बारा जण निवडले गेले की उरलेल्या 68 मुलांसाठी ना संघ असतो, ना सामना. त्यांतली कितीतरी मुले दिवाळीपर्यंत मैदानावर यायची थांबतात. माझ्या मुलाच्या बॅचमधली चार मुले अशीच गेली आणि त्यांतला एक डावखुरा मुलगा तर आमच्या सगळ्यांपेक्षा सुंदर शॉट मारायचा.

आता ज्या गोष्टीबद्दल पालक आपसात बोलतात पण लिहीत कुणी नाही, तिच्याविषयी. अनेक ठिकाणी संघ निवडणारे प्रशिक्षकच पैसे घेऊन पर्सनल कोचिंगही देतात. शिकवण्याचे पैसे घेण्यात गैर काही नाही. प्रशिक्षकांनाही घर चालवायचे असते आणि आपल्याकडे त्यांना मिळणारे मानधन फारच तुटपुंजे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु शिकवणीची फी घेणारा हात आणि निवडीच्या यादीवर सही करणारा हात एकच असेल, तर निवड कितीही निर्मळ असली तरी तिच्यावर विश्वास बसत नाही. चाचणीनंतर दुसऱ्या एका पालकांना "सकाळच्या स्पेशल बॅचला टाका, मग बघू" असे सुचवण्यात आले. त्यात कदाचित खरोखरच मुलाचे हित असेल, पण ऐकणाऱ्याने काय समजायचे? क्लबच्या संघातून खेळणाऱ्या मुलांकडेच पुढे जिल्हा संघाच्या निवडीवेळी लक्ष जाते, राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण असतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पालक या यादीकडे डोळे लावून बसतात, त्यामागे केवळ हौस नसते.

निवड झाली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा याच संघात होता आणि पुण्याला स्पर्धेसाठी गेला होता. रात्रभर रेल्वेचा प्रवास, एका सभागृहात गाद्या टाकून मुक्काम आणि तीन सामने. त्या तीन सामन्यांत मिळून तो चार मिनिटे खेळला. बास्केटबॉलचा सामना 10 मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि कोर्टवर एका संघाचे पाच जण असतात, म्हणजे एका सामन्यात प्रशिक्षकांच्या हाती खेळण्याची एकूण 200 मिनिटे असतात. बारा मुलांत ती सारखी वाटली तर प्रत्येकाला साडेसोळा मिनिटांहून अधिक मिळतात. सारखी वाटा, असा माझा आग्रह नाही. सामना जिंकायचा असतो हे कळते. पण या खेळात बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतो, आणि तिसऱ्या सामन्यात आपला संघ तीसहून अधिक गुणांनी मागे असतानाही बेंचवरची चार मुले उठवली गेली नाहीत, हे मला समजू शकत नाही. त्या वयाची मुले सामन्यात खेळूनच शिकतात. बेंचवर बसून ती सरांचा चढलेला आवाज ऐकायला शिकतात.

या आवाजाबद्दल आम्हा पालकांनीही स्वतःकडे पाहायला हवे. कठड्याला रेलून "शूट कर, शूट कर" असे ओरडणारे आम्हीच असतो. मुलगा पास देत असताना त्याला शॉट घ्यायला लावणारे पालक आणि त्याच पासचे कौतुक न करणारे प्रशिक्षक यांच्यामध्ये मूल गोंधळून जाते. रागाच्या भरात दुसऱ्याच्या मुलाविषयी वाईट बोलणारे पालकही मी पाहिले आहेत आणि ते अत्यंत चुकीचे आहे.

माझ्या अपेक्षा अवाजवी नाहीत. चाचणीच्या आठवडाभर आधी निवडीचे निकष मैदानावरच्या फलकावर लावावेत. चाचणी किमान दोन दिवस घ्यावी, कारण एखाद्या मुलाचा एक दिवस वाईट असू शकतो. निवड समितीत त्या मुलांना पैसे घेऊन न शिकवणारी निदान एक जाणकार व्यक्ती असावी. जुने राज्य आणि राष्ट्रीय खेळाडू आपल्या शहरात पुष्कळ आहेत आणि विचारले तर त्यांतले कितीतरी जण आनंदाने येतील. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक मुलाच्या हाती एक चिठ्ठी द्यावी, ज्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतील: काय चांगले आहे आणि काय सुधारायचे आहे. 80 चिठ्ठ्या लिहायला तीन-चार जणांची एक संध्याकाळ पुरेल. आणि वगळलेल्या मुलांचा दुसरा संघ करून शहरातल्याच क्लबांनी आपसात रविवारी सामने खेळवावेत. त्याला रेल्वे लागत नाही, मुक्काम लागत नाही, फक्त कोर्ट, चेंडू आणि शिट्टी वाजवणारा एक माणूस लागतो.

या पत्राखाली मी माझे नाव छापू नये अशी विनंती केली आहे. नाव छापले तर मुलाला पुढच्या चाचणीत त्याची किंमत मोजावी लागेल, ही भीती मला वाटते आणि ती माझ्या ओळखीच्या बहुतेक पालकांना वाटते. ही भीती खरी आहे की खोटी, हे संबंधितांनीच आपल्या कृतीतून दाखवावे. माझा मुलगा अजूनही रोज संध्याकाळी घरामागच्या भिंतीवर डाव्या हाताने चेंडू मारतो. डावा हात सुधारायला त्याला कुणी सांगितलेले नाही. सुधारण्यासारखे काय असेल याचा अंदाज त्याने स्वतःच बांधला आहे. यंदाच्या चाचण्या महिन्याभरावर आल्या आहेत, त्याआधी निदान निकषांचा कागद तरी फलकावर लागावा.

आपली नम्र,
एक पालक
त्रिमूर्तीनगर, नागपूर