बापूस पत्र: साइट की स्कोप?

कोथरूड, पुणे
२२ सप्टेंबर

प्रिय बापू,

तुझा मेल आणि रायफलीचे फोटो मिळाले. तिकडे पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला रायफलीवरची साधी साइटच ठेवू की स्कोप, म्हणजे वर बसवायची दुर्बीण, लावू असं विचारतोस. फोनवर बोललो असतो, पण तू नेहमीप्रमाणे मध्येच फाटे फोडणार आणि मूळ विषय राहणार बाजूला, म्हणून लिहूनच पाठवतो.

उत्तर आधी सांगून टाकतो. स्कोप लाव. लहान, कमी पॉवरचा, पण स्कोपच.

माझ्याकडून हे ऐकून तुला नवल वाटेल. आमच्या बालेवाडीच्या रेंजवर जी रायफल चालते तिच्यावर स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. मी आयुष्यभर पीप साइटच्या भोकातून काळा ठिपका बघत आलोय. स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं ते दुर्बिणीशिवायच, आणि त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटर. तेव्हा आयर्न साइटनं, म्हणजे बिनकाचेच्या साध्या साइटनं, नेम लागत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण तिथे पांढऱ्या कागदावर काळं वर्तुळ असतं, ते जागचं हलत नाही, उजेड भरपूर असतो आणि नेमबाज अठ्ठावीस वर्षांचा असतो. तुझ्यासमोर सुकलेल्या पाचोळ्यात पाचोळ्याच्याच रंगाचं हरीण येणार, तेही झुंजुमुंजू असताना. आणि तू पन्नाशी ओलांडलेला, चाळिशी लावल्याशिवाय मेन्यूकार्ड न वाचता येणारा.

डोळ्याचंच आधी घे. ओपन साइटमध्ये तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: जवळची बॅकसाइटची खाच, नळीच्या टोकाची फोरसाइट (टिप) आणि पलीकडचं हरीण. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. एनसीसीत उस्ताद काय ओरडायचे आठवतं ना? ‘फोरसाइट साफ देखो, टार्गेट धुंधला चलेगा.’ तेव्हा आपले डोळे कोवळे होते, नजर खाचेवरून टिपवर आणि टिपवरून टार्गेटवर सहज धावायची. आता भिंग कडक झालं, ती धाव संपली. तुझ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा आणखी एक घोळ आहे. गाल बटावर (मागच्या दस्त्यावर) टेकवला की मान पुढे झुकते आणि तू काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतोस. तो भाग लांबचं बघायला केलेला असतो, म्हणजे हरीण स्पष्ट आणि फोरसाइट पुसट. उस्तादांनी सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट.

स्कोपमध्ये ही भानगड उरत नाही. क्रॉसहेअर (नेमाची फुली) आणि हरीण डोळ्याला एकाच प्रतलात दिसतात. मोठं दिसणं हा वरचा फायदा. तुझ्यामाझ्या वयाला खरा फायदा हा आहे.

आता थोडं गणित, तुला आवडतं म्हणून. फोरसाइटचा मणी समज १/१६ इंचाचा, डोळ्यापासून ३३ इंचांवर. १०० यार्डावर तो सुमारे ७ इंच झाकतो. हरणाच्या खांद्यामागची काळीज-फुप्फुसाची जागा साधारण ८ इंच. म्हणजे जिथे मारायचंय तेच मण्याखाली गडप. शिवाय दोन साइटमधलं अंतर १६ इंच धरलं आणि टिप खाचेत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर तेवढ्याच अंतरावर गोळी साडेचार इंचांच्या आसपास सरकते. आठ इंची वर्तुळाच्या मध्यापासून साडेचार इंच म्हणजे बाहेर. रेंजवर कागदावर दहाऐवजी ‘आठ’ लागला तरी मी घरी येऊन चहा पितो. तिथे मात्र जखमी जनावर झुडपात शिरतं आणि अंधार पडत असतो.

आणि अंधाराचाच तर खरा प्रश्न. पेनसिल्व्हेनियात सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास परवानगी आहे, आणि पांढऱ्या शेपटीची हरणं नेमकी त्याच वेळी हालतात. परवा वेताळ टेकडीवर दिवेलागणीला मी मुद्दाम दोन दुर्बिणी घेऊन गेलो, एक ८×४२ (पॉवर आठ, पुढची काच ४२ मिलिमीटरची) आणि दुसरी खिशातली १०×२५. खाणीपलीकडच्या ग्लिरिसिडियात लांडोरी चरत होत्या. नुसत्या डोळ्यांना फक्त हालचाल कळत होती. खिशातलीतून आकार दिसला, पण राखाडी धुरकट. मोठीतून मानेवरचा हिरवा पट्टासुद्धा ओळखू आला. कारण साधं आहे: पुढच्या काचेचा व्यास भागिले पॉवर, तेवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. एकीत सव्वापाच मिलिमीटर, दुसरीत अडीच. आपल्या वयाची बाहुली अंधारात फार तर पाचेक मिलिमीटर उघडते. म्हणून स्कोप घेताना ४-१६ पॉवरची वगैरे तोफ घेऊ नकोस. २-७×३३ किंवा १.५-५ असला काहीतरी घे आणि तो तीनवर ठेवून जंगलात शीर. झाडीत ५० ते ८० यार्डावर हरीण दिसणार म्हणतोस, तिथे १० पॉवर लावलीस तर चौकटीत नुसती लोकर दिसेल, पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं ते कळायच्या आत ते पसार.

तुझ्या शेजाऱ्याचं ‘खरा शिकारी ओपन साइटच वापरतो’ हे वाक्य वाचून हसू आलं. जिम कॉर्बेटनं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली मारला तो रात्री, आंब्याच्या झाडावर बसून, आणि त्याच्याही रायफलीला टॉर्च बांधलेला होता. जे हाताशी होतं ते त्यानं वापरलं. बाकी शिकारीतला पुरुषार्थ यावर माझ्याकडून प्रवचनाची अपेक्षा करू नकोस. इकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं उरलासुरला परवानाही गेला. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघतो, माझं तेवढ्यावर भागतं. पण तू मारणारच असशील तर एका गोळीत मार.

आता तुझी रायफल. फोटोत मार्लिन ३३६ आहे, थर्टी-थर्टी काडतुसाची, हे तुझं नशीब. जुनी विंचेस्टर १८९४ असती तर रिकामी काडतुसं वरून उडतात, म्हणजे स्कोप मध्यावर बसवणं त्रासाचं. मार्लिनमध्ये काडतूस बाजूनं बाहेर पडतं आणि रिसीव्हरचा (नळीमागच्या यंत्राच्या पेटीचा) माथा सपाट, बंद असतो. माथ्यावर चार बारीक स्क्रू बसवलेले दिसतात, ती स्कोपच्या माउंटची, म्हणजे बैठकीची, भोकं. पण तीन गोष्टी बघ.

पहिली, बटाची उंची ओपन साइटच्या हिशोबानं ठेवलेली आहे. स्कोप लावला की डोळा वर न्यावा लागतो आणि गाल हवेत लटकतो. स्कोप धरणाऱ्या रिंग जितक्या बुटक्या बसतील तितक्या घे, तरी कमी पडलं तर बटावर पट्ट्याचा गालपॅड बांध. दुसरी, घोडा (हॅमर) उघडा आहे. वर स्कोप आला की अंगठ्याला जागाच राहत नाही, आणि थंडीत हातमोजे घालून अर्धवट ओढलेला घोडा निसटणं म्हणजे काय ते सांगायला नको. घोड्याला बाजूला बसणारी छोटी दांडी मिळते, ती आधी लाव, मग स्कोप. तिसरी, डोळा आणि मागची काच यांत साडेतीन इंचांच्या आसपास अंतर ठेव. उतारावर बसून वर नेम धरलास की हे अंतर नकळत कमी होतं आणि धक्क्यासरशी स्कोपची कड लागून भुवईवर चंद्रकोर उमटते.

पीप साइटबद्दल मात्र चार शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. रिसीव्हरवर मोठ्या भोकाची पीप बसवलीस, तर खाचेचा प्रश्न मिटतो, डोळा आपोआप भोकाचा मध्य शोधतो. ती हलकी असते, घसरून पडलास तरी बिघडत नाही आणि धुकं धरत नाही. बर्फ भरला तर फुंकर मार. तू चाळिशीतला असतास आणि दुपारी दाट झाडीत फिरणार असतास तर मी डोळे झाकून तीच सांगितली असती. तुला स्कोपच, पण हातानं सुटणाऱ्या रिंग घे आणि मूळच्या साइट काढू नकोस, म्हणजे स्कोप आपटला तर दिवस फुकट जाणार नाही.

एक मात्र निक्षून. स्कोप दुर्बिणीसारखा वापरायचा नाही. तुमच्याकडे बऱ्याच भागांत शिंगाला एका बाजूला तीन टोकं असल्याशिवाय नर मारता येत नाही, तेव्हा टोकं मोजायचा मोह होणार. त्यासाठी गळ्यात दुर्बीण ठेव. स्कोपमधून जे बघतोस त्याच्यावर तू भरलेली नळी रोखलेली असतेस, आणि झाडीत हललेलं ते नारिंगी जाकीटवालं माणूसही असू शकतं.

झीरो करायला, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असं जुळवायला, २५ यार्डापासून सुरुवात कर, मोठा कागद लाव. बहुतेक स्कोपच्या नेम सरकवायच्या चकतीचा एक क्लिक १०० यार्डावर पाव इंच, म्हणजे २५ यार्डावर इंचाचा सोळावा भाग. एक इंच सरकवायला सोळा क्लिक. प्रत्येक वेळी तीन गोळ्या मारून ग्रुपचा, म्हणजे तिन्ही भोकांचा, मध्य धर, एकेका गोळीमागे धावू नकोस. मग १०० वर जा. शेवटच्या गोळ्या बाकावरून नको. जाकीट घालून, झाडाला टेकून बसतोस तशा मार.

कागदांचे फोटो पाठव, २५ चा वेगळा, १०० चा वेगळा, आणि कुठली गोळी कितवी ते पेन्सिलनं लिही. गालपॅडचं माप कळव, इथे लक्ष्मी रोडला एक चांभार ओळखीचा आहे, चामड्याचा शिवून देईल. डिसेंबरात भाची येणार आहे तिकडे, तिच्याबरोबर धाडतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा